माळावरचं आमचं शेत आणि पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर-बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या परिसरात आमचं शेत आहे. ज्वारी, तूर, थोडी द्राक्षबाग, राहायला चार खोल्या. बांधाच्या पलीकडे माळ सुरू होतो आणि लोक येतात ते त्या माळासाठी. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. पहिली तीन-चार येण्याआधी वाचाच, उरलेली गाडीत वाचली तरी चालतील.

माळढोक दिसेल का?

माळढोक म्हणजे ग्रेट इंडियन बस्टर्ड, माळावरचा मोठा पक्षी. नाही दिसणार, असं धरूनच या. गेल्या काही वर्षांत या भागात एखादी एकटी मादी दिसल्याच्या बातम्या आल्या, त्यापलीकडे काही नाही. देशभरात मिळून आता दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत. कोणी गाइड ‘नक्की दाखवतो’ म्हणाला तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

पण नान्नज तर माळढोकाचं अभयारण्य आहे ना?

आहे. 1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांचा मिळून 8,496 चौरस किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कागदावर त्यात गावं, शहरं, रस्ते, ऊस, सगळंच आलं. बांधकामापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत लोकांची कामं अडायला लागली आणि माळढोकाबद्दल गावोगावी राग साठत गेला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी जवळजवळ संपले होते.

का संपले, याचं एका वाक्यात उत्तर नाही. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, कोरडवाहू रान बागायती झालं. आमच्या नान्नजचंच बघा. नानासाहेब काळे यांनी सोनाका हे द्राक्षाचं वाण याच गावात निवडून काढलं आणि त्याने इथल्या कित्येक घरांचं नशीब पालटलं. द्राक्षं आम्हीही लावतो, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देणं आमच्या तोंडी शोभणार नाही. पण बागेच्या तारा, विहिरींवर गेलेल्या विजेच्या लाइनी, मोकाट कुत्री आणि माळावर लावलेली गिरिपुष्पाची झाडं हे सगळं एकाच वेळी आलं. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही वर्षाला बहुधा एकच. दहा-पंधरा किलोचा हा पक्षी उडताना समोरची तार त्याला नीट दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं धूड झटकन वळवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी. नंतर तो सौम्य केला. आमच्याकडे मात्र वेळ निघून गेली होती.

मग यायचं कशासाठी?

माळढोक ज्या गवतात राहायचा ते गवत अजून आहे आणि त्यातले बाकीचे रहिवासीही आहेत. धाविक बघा. मुरमाच्या रंगाचा, डोळ्यावर पांढरी-काळी पट्टी, लांब पांढुरके पाय. पाच-सहा पावलं तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, वाकून किडा उचलतो, ताठ उभा राहतो, पुन्हा पळतो. उभा राहिला की दिसतो आणि पाठ फिरवली की ढेकळात विरघळतो. पुण्या-मुंबईहून लोक फक्त धाविकासाठी येतात आणि पहिल्या सकाळी त्याच्या शेजारून चालत जातात.

चंडोलांचे प्रकारही बरेच. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावतो, जमिनीजवळ येता येता सावरतो आणि पुन्हा वर जातो. तुऱ्याचा साइक्सचा चंडोल दख्खनच्या पठारावर हमखास भेटतो. तांबूस शेपटीचा चंडोल दगडगोट्यांच्या जागी असतो. याशिवाय पीतमुखी टिटवी, राखी तित्तिर, लावे, पखुर्ड्या (सँडग्राउज), खाटीक, नीलपंख, वेडे राघू, हुदहुद, गप्पीदास. तारेवर कापशी घार आणि शिवारात तीसा हे तर बसल्या जागी दिसतात. रात्री रातवे आणि ठिपकेवाले पिंगळे. ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबडाची जोडी आहे, पण ती जागा आम्ही सगळ्यांना दाखवत नाही.

हिवाळ्यात भोवते येतात. गवतावरून हातभर उंचीवर, एका बाजूला कलत, अजिबात घाई न करता फिरणारा शिकारी पक्षी दिसला की तो भोवत्या समजा. नर राखाडी, मादी तपकिरी आणि तिच्या कमरेवर पांढरा पट्टा. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या यांच्या माद्यांत फरक करताना भले भले भांडतात, तेव्हा नुसतं ‘भोवत्या’ लिहिलं तरी हरकत नाही. हे पक्षी मध्य आशियातून येतात, आमच्याकडचे नाकतोडे खातात, संध्याकाळी गवतातच जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. म्हणजे गवत गेलं की त्यांची खानावळही जाते आणि धर्मशाळाही.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एकदम बिनधास्त. गवत पिवळं पडलेलं, पाहुणे पक्षी आलेले, हवा सोसवणारी. डिसेंबरच्या शेवटापासून हुरडाही असतो.

दुसरा हंगाम लोकांना माहीत नसतो: जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. आमचा भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळे घाटमाथ्यासारखी झड लागत नाही. दोन सरी पडल्या की आठवड्यात माळ हिरवा होतो. चातक येतो, पावशा ‘पेरते व्हा’ चालू करतो, लावे गवतातून सारखे बोलतात आणि चंडोलांच्या कसरती ऐन रंगात असतात. फक्त एक, काळ्या रानात गाडी फसली की ट्रॅक्टरच लागतो. डांबरी सोडू नका.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो. तरीही काही जण मुद्दाम तेव्हाच येतात. त्यांचं कारण पाणवठ्याच्या प्रश्नात सापडेल.

फोटोंमध्ये वाळवंट आणि डोंगर दिसतात. खरंच आहेत का?

वाळवंट नाही. उन्हाळ्यात माळ तसा दिसतो खरा, पण हे गवताळ रान आहे. मुरमाची पातळ जमीन, त्यात कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा, मध्येच बोर, हिवर, तरवड. डोंगर म्हणाल तर बालाघाटच्या उतरत्या टेकड्या. सह्याद्री बघून आलेल्यांना त्या टेकाडंच वाटतील. पण सूर्य उगवताना त्यांच्या कडेने काळविटांचा कळप चालत गेला की तक्रार कोणी करत नाही.

एका दिवसाचा कार्यक्रम कसा असतो?

पहाटे चहा, उजाडायच्या आत बाहेर. हिवाळ्यात साडेनऊ-दहापर्यंत आणि उन्हाळ्यात आठपर्यंत जे दिसेल तेच खरं. मग परत येऊन न्याहारी. दुपारी झोपा. खरंच झोपा, पक्षीही सावलीला बसलेले असतात. चारनंतर पुन्हा माळ, अंधार पडेपर्यंत. ज्यांना दुपारीही ‘काहीतरी ॲक्टिव्हिटी’ हवी असते त्यांच्यासाठी सोलापुरात किल्ला आहे, सिद्धेश्वराचं मंदिर आहे, चादरींची दुकानं आहेत.

पाणवठ्यावर बसायला मिळतं म्हणे. तिथे काय होतं?

बांधाच्या कडेला आम्ही सिमेंटची उथळ टाकी केली आहे, उन्हाळ्यात ती टँकरने भरतो. समोर पाचट आणि ज्वारीच्या कडब्याचं लपण. आत तीन माणसं बसतात, चौथ्याला जागा नाही, ओळखीचा असला तरी नाही.

सकाळी ऊन जरा वर आलं की पखुर्ड्या येतात. आधी आवाज ऐकू येतो, दोन-तीन सुरांचा, उडता उडता काढलेला. मग पाच-सहांचा थवा टाकीवरून सरळ पुढे निघून जातो, वळतो आणि पंचवीस-तीस पावलांवर उघड्या मुरमावर उतरतो. तिथे सगळे एकदम गप्प. दहा मिनिटं कोणी हलत नाही. लपणात एवढ्यात कोणाचा मोबाइल वाजला की सगळं संपलं. नाही वाजला तर एक पक्षी पुढे चालायला लागतो, बाकीचे त्याच्या मागे, आणि काठाशी रांग लागते. मोजून काही घोट, की भुर्र.

पिलांच्या दिवसांत नर आणखी एक काम करतो. पाण्यात पोटापर्यंत उतरतो, अंग हलवत पोटाची पिसं भिजवून घेतो आणि ते पाणी घेऊन उडतो. पिलं दूर माळावर असतात. ती बापाच्या पिसांतून पाणी चोखून पितात. हे बघायचं तर उन्हाळ्यातच यावं लागतं, घाम पुसत, दोन लिटर पाणी जवळ ठेवून.

रंगीत पखुर्डी मात्र दिवस मावळल्यावर येते. फोटो मिळत नाही, आकार आणि आवाज मिळतो. फ्लॅश मारणाऱ्याला पुढच्या वेळी खोली मिळत नाही.

भोरड्यांचे थवे कधी दिसतात?

पावसाळा सरता सरता यायला लागतात, पण खरा जोर ज्वारी दाण्यात आल्यावर. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. संध्याकाळी तळ्याकाठच्या बाभळींवर मुक्कामाला जायच्या आधी हजारोंचा थवा आकाशात गोळा होतो, ताणतो, वळतो. व्हिडिओ काढायला लोक वेडे होतात.

आमचे आबा हा प्रकार वेगळ्या नजरेने बघतात. कणसावर थवा बसला तर तासाभरात पट्टा साफ होतो. पूर्वी रानात माचा घालून दिवसभर गोफण चालायची, आता राखणीला माणूस मिळत नाही आणि ज्वारी कमी होण्याचं तेही एक कारण आहे. हीच भोरडी टोळ आणि नाकतोडेही फडशा पाडून खाते, हे आबांना मान्य आहे, पण ते ज्वारीच्या दिवसांत त्यांना सांगायला जाऊ नका.

अभयारण्यात जाता येतं का?

जाता येतं, वन विभागाच्या परवानगीने आणि त्यांनी ठरवलेल्या भागातच. प्रवेश, शुल्क आणि वेळा ते ठरवतात, बदलतातही, म्हणून आम्ही आदल्या दिवशी विचारून सांगतो. निरीक्षण मनोऱ्यावरून काळवीट जवळजवळ खात्रीने दिसतात. आत गाडीतून रस्ता सोडून उतरायचं नाही. ड्रोन बॅगेतच राहू द्या, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे पण तो अजून चांगला चालतो.

पाणपक्षी पण बघायचे आहेत. जवळ काय आहे?

हिप्परगा, म्हणजेच एकरूख तलाव, शहराला लागूनच आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, पट्टकादंब हंस, शेकाटे, धोबी मिळतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो आणि आल्यावर बाजूच्या हरभऱ्यात चरतो, हे बघताना मौज वाटते. उजनी धरणाचे रोहित (फ्लेमिंगो) हवे असतील तर मात्र तो वेगळा दिवस धरा. भिगवणकडे किंवा करमाळ्याच्या बाजूने जावं लागतं. पाणी उतरून चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित जास्त, म्हणजे हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत. सकाळी माळ आणि दुपारी उजनी असा बेत आखणारे दोन्हीकडे उशिरा पोचतात.

दुर्बीण, कॅमेरा, कपडे?

8×42 ची दुर्बीण माळासाठी उत्तम. आमच्याकडे दोन आहेत, मागितल्यास देतो. कॅमेऱ्याला 400 मिलिमीटरच्या खाली लेन्स असेल तर फोटोऐवजी बघण्यावर भर द्या. आणि लेन्स कितीही मोठी असली तरी ऊन चढल्यावर जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग लांबचा फोटो धूसरच येतो. गाडीतून उतरू नका, हा सगळ्यात स्वस्त सल्ला. माणूस दिसला की धाविक पळतो, गाडीला भीत नाही.

कपडे मातकट रंगाचे. पांढरा शर्ट अर्ध्या मैलावरून दिसतो. कापडी बूट घालून गवतात गेलात तर कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि चालताना आणखी आत जातात. संध्याकाळी ओट्यावर बसून ती एकेक उपटायचा कार्यक्रम होतो. चामड्याचे घोटाबंद बूट आणा. थंडीच्या पहाटेसाठी स्वेटर विसरलात तर सोलापुरी चादर आहेच, तीच गुंडाळून बसा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावला तर?

नको. विणीच्या दिवसांत नर तो आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर समजतो आणि खाणंपिणं, घरटं सोडून भांडायला येतो. घरट्यांचे फोटोही नकोत. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी, सगळ्यांची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची. तुम्ही जवळ उभे राहिलात तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात, आणि तुमच्यावर नजर ठेवून बसलेला कावळा तुम्ही गेल्यावर बरोबर तिथे जातो. मार्च ते जुलैत टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की आल्या पावली मागे फिरा.

लांडगा दिसतो का? साप?

लांडगा आहे, नशीब असेल तर पहाटे किंवा तिन्हीसांजेला दिसतो. माणसाला टाळतो. त्याची ताजी खबर धनगरांकडे असते. मेंढरं घेऊन फिरणारा बाबा भेटला तर आधी रामराम, चार गोष्टी, मग प्रश्न. त्यांच्याइतका माळ कोणाला कळत नाही. मेंढरांमागून चंडोल आणि धोबी का फिरतात, हे बघायलाही त्यांच्याबरोबर तासभर थांबावं. खोकड (इंडियन फॉक्स) मात्र बिळाजवळ बऱ्याचदा सापडते, संध्याकाळी पिलांसह.

साप आहेत. मुरमात फुरसं असतं, ते छोटं आणि विषारी. दगड उलटवू नका, दिसत नाही तिथे हात घालू नका, रात्री विजेरीशिवाय अंगणाबाहेर पडू नका.

आम्हाला पक्ष्यांची नावं येत नाहीत. चालेल?

चालेल. सोबत आमचा मुलगा असतो, तो नावं सांगतो. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲपही फोनवर घेऊन या, पण त्याने सांगितलेलं डोळ्यांनी पडताळा. दिसलेलं ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर नोंदवलंत तर फार बरं, माळांच्या नोंदी जंगलांपेक्षा कमीच होतात.

हौशी लोकांसाठी एक चांगला मुहूर्त सांगतो. 5 ते 12 नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. चितमपल्ली मूळचे सोलापूरचेच, आयुष्य विदर्भाच्या जंगलांत गेलं आणि अखेरीस सोलापुरात परतले. त्या आठवड्यात शाळांच्या सहली असतात, तेव्हा शांतता हवी असणाऱ्यांनी पुढचा आठवडा घ्यावा.

लहान मुलं, आजी-आजोबा?

आठ वर्षांपुढची मुलं मजेत रमतात. लपणात मात्र बारा वर्षांखाली नेत नाही. आजी-आजोबांसाठी ओटा आहे. ओट्यावरून सुगरण, मुनिया, होले, वेडे राघू बसल्या बसल्या दिसतात, आणि कित्येकदा माळावर तंगडतोड करणाऱ्यांपेक्षा त्यांचीच यादी लांब होते.

जेवण काय?

ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, पिठलं, वांगं, आमटी, ताक. कडक भाकरी हवी तर आदल्या दिवशी सांगा. मटण रविवारी, सांगितलं तरच. दारू नाही.

कसं पोचायचं?

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापुरात सोडते. 2023 पासून वंदे भारतही आहे. पुण्याहून महामार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर. सोलापूरहून बार्शीच्या एसटीने वीसेक किलोमीटरवर नान्नज, तिथून आम्ही घ्यायला येतो. गुगलने कच्चा रस्ता दाखवला तर त्याचं ऐकू नका, फोन करा.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत गाड्यांची तिकिटं आणि खोल्या दोन्हींसाठी महिनाभर आधी बोला.

आमच्या ऑफिसला वृक्षारोपण करायचं आहे. माळावर जागा मिळेल का?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो आणि विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून नीट सांगतो. नाही मिळणार. माळावर झाडं नाहीत म्हणून तो ओसाड, असं आपल्याला शाळेपासून शिकवलंय. सातबाऱ्यावरही ‘पडीक’ लिहितात. पण धाविकाला, चंडोलाला, भोवत्याला उघडं रान लागतं. शत्रू लांबून दिसला पाहिजे. दाट झाडी आली की झाडावर बसून घरटी हेरणारे कावळे आणि शिकारी येतात, सावलीत गवत मरतं, काळवीट निघून जातो. याच भागात लावलेली गिरिपुष्पाची झाडं नंतर काढायची वेळ वन विभागावर आली. तुमच्याकडे पैसे आणि माणसं असतील तर बांधावरचं प्लास्टिक गोळा करा, वाऱ्याने उडून आलेल्या पिशव्या तरवडात अडकलेल्या असतात. किंवा पाणवठ्यासाठी उन्हाळ्यात एक टँकर द्या. खड्डे खणायचेच असतील तर आमच्या घराच्या परसात लिंब लावायला जागा आहे, दोन.

आमचा कुत्रा घेऊन आलो तर चालेल का? तो एकदम शांत आहे.

नाही. जमिनीवर घरटी असलेल्या ठिकाणी शांत कुत्राही वास घेत फिरतोच. शिवाय कुत्र्यांचे रोग लांडगा आणि खोकडीला होतात, ते आणखी वाईट. घरी त्याला सांभाळायला कोणी नसेल तर तारीख पुढे ढकला, आम्ही आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरतो.